ठाण्या-नवी मुंबईत जुनी फोर-बाय-फोर घेताना: बोनेट नंतर, आधी टायर

जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) बघायला गेलं की मालक किंवा एजंट आधी बोनेट उघडतो. इंजिन धुऊन पुसून चकचकीत केलेलं असतं. ते राहू द्या. इंजिन, क्लच, टर्बो यांचे दोष वागळे इस्टेट किंवा तुर्भ्यातला कुठलाही जाणता मेकॅनिक अर्ध्या तासात सांगतो. ज्या यंत्रणेसाठी तुम्ही जास्त पैसे मोजणार आहात, ती गाडीच्या पोटाखाली असते आणि ती मेली तरी गाडी दोन चाकांच्या जोरावर वर्षानुवर्षं मजेत पळते. मालकालाही पत्ता नसतो.

आपल्याकडच्या गाड्यांत ही यंत्रणा जास्त वापराने क्वचितच जाते. ती जाते ती तीन कारणांनी: चार टायर चार तऱ्हेचे असणं, मागच्या डिफरेन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) तेल कधीच न बदलणं आणि समुद्राचं किंवा पुराचं पाणी. तपासणीही त्याच क्रमाने करा.

मागे लिहिलेल्या अक्षरांवर जाऊ नका

डिकीवरचा ‘फोर-बाय-फोर’चा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. त्यामुळे खाली वाका आणि गिअरबॉक्सकडून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि पुढच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट, दोन्ही आहेत का ते डोळ्यांनी बघा. मूळ इंजिन पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत (डस्टर, एक्सयूव्ही) मागचा शाफ्ट ही खूण. मूळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत (स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर) पुढचे शाफ्ट ही खूण, कारण मागचा त्यांना असतोच.

नावावरून फसगत फार होते. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. तिला ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दुसरा दांडा नसतो. डस्टरमध्ये एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद) आली ती २०१४ मध्ये, ११० पीएसच्या डिझेलमध्ये. तिची भावंड निसान टेरानो आपल्याकडे या रूपात कधी आलीच नाही. एक्सयूव्ही७०० मध्ये ही सोय फक्त डिझेल ऑटोमॅटिकला आहे. नव्या ग्रँड व्हिटारात ती माइल्ड हायब्रिड पेट्रोलला मिळते, स्ट्राँग हायब्रिडला नाही. जुन्या सफारी स्टॉर्म आणि हेक्सामध्ये फोर-बाय-फोर होती, पण २०२१ मध्ये आलेल्या डिझेल सफारीत नाही. ‘सफारी आहे म्हणजे असेलच’ असं म्हणणाऱ्या एजंटाला खाली वाकायला सांगा.

यंत्रणेचे प्रकार ढोबळमानाने तीन. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, २०१६ च्या अखेरीस आलेली फॉर्च्युनर या पार्ट-टाइम: दांडा किंवा नॉब फिरवल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, शिवाय लो रेंज (संथ वेग, जास्त जोर) मिळते. डस्टर, एक्सयूव्ही, कंपास, कोडियाक, सीआर-व्ही या ऑन-डिमांड: एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरली की मागच्या डिफरेन्शियलजवळचा क्लचसारखा कपलिंग मागची जोडतो. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर फोर-बाय-फोर कायम चारही चाकांवर चालते. टायरचा पुढचा मुद्दा सर्वात जास्त लागू होतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराला.

टायर: दहा मिनिटं, एक गेज

ट्रेड डेप्थ गेज (टायरच्या खाचांची खोली मोजायचं साधन) घ्या आणि प्रत्येक टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. बारा आकडे कागदावर लिहा. मग कंपनी, नक्षी आणि तारीख बघा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा.

फरक पडतो किती? डस्टर एडब्ल्यूडीचा टायर २१५/६५ आर१६. नव्या टायरचा व्यास साधारण ६८६ मिलिमीटर, एका फेऱ्यात तो २१५५ मिलिमीटर जातो. तोच टायर ४ मिलिमीटर झिजला की व्यास ८ मिलिमीटरने कमी होतो आणि फेरा २१३० वर येतो. म्हणजे मागे दोन नवे आणि पुढे दोन अर्धे झिजलेले असतील, तर पुढची चाकं दर किलोमीटरला साडेपाच फेरे जास्त मारतात, १०० किलोमीटरला साडेपाचशे. गाडी सरळ एक्सप्रेसवेवर चालली आहे, घसरत काहीच नाही, तरी यंत्रणेला पुढची चाकं सतत थोडी घसरताहेत असं वाटत राहतं. कपलिंगच्या प्लेटा घासतात, तेल तापून काळं होतं. ‘दोनच टायर बदला, साहेब’ हा दुकानदाराचा सल्ला साध्या गाडीत काटकसरीचा. इथे तो महागात पडतो.

चार टायरमध्ये २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर दोन गोष्टी करा: चार नव्या टायरांची किंमत सरळ वजा करा आणि कपलिंग दुप्पट बारकाईने तपासा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच आठवड्याचे आणि सारखे झिजलेले सापडले, तर त्या मालकाला आपली गाडी कळत होती, असं समजायला हरकत नाही. स्टेपनीही बघा. ती कारखान्यातून आली त्याच मापाची हवी.

मोठे टायर आणि लिफ्ट किट लावलेली थार दिसायला रुबाबदार असते. मात्र शाफ्टचे कोन बदलतात, शाफ्टच्या सांध्यांतले जॉइंट क्रॉस लवकर जातात, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओत आणि अपघात झाल्यास विम्यात अडचण. मूळ टायर-स्प्रिंगांसकट मिळणार नसेल तर सोडा.

तेल सांगतं ते मालक सांगत नाही

सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या नोंदी दर १० हजारांनी मिळतील. तुम्ही शोधा ‘ट्रान्सफर केस’, ‘रिअर डिफरेन्शियल’, ‘कपलिंग ऑइल’ हे शब्द. बहुतेक वेळा नसतातच. स्कोडा-फोक्सवॅगनच्या हॅल्डेक्स कपलिंगला स्वतःचं वेगळं तेल असतं. ते वेळेवर बदललं नाही आणि पंपाची बारीक जाळी झिजलेल्या प्लेटांच्या गाळाने तुंबली की पंप जळतो आणि मागची चाकं गप्प होतात. होंडाच्या मागच्या डिफरेन्शियलला होंडाचंच ड्युअल पंप तेल लागतं. साधं गिअर ऑइल भरलं की वळणावर गुरगुर सुरू.

गाडी लिफ्टवर घ्या. ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरेन्शियलचा भरण्याचा बोल्ट सैल करून बोट आत घाला. भरण्याचाच बोल्ट आधी, हे मेकॅनिकला बजावून सांगा. आधी खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी तिथेच उभी. तेल बोल्टच्या काठापर्यंत हवं. मधासारखं किंवा तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि जळका वास म्हणजे तापलेलं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. चुंबकी बोल्टवर राखाडी मऊ लेप नेहमीचाच, बोटाला टोचणारी कणी किंवा कपची मात्र दाताची असते, आणि तिथे सौदा संपला.

पाणी आत जातं कसं, हे कळलं की शोधणं सोपं. मागच्या एक्सलला वरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. तासभर चालून तापलेला एक्सल गुडघाभर थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील यांतून पाणी ओढून घेते. त्या ब्रीदरच्या नळीचं टोक चिखलाने बुजलंय का, नळी निसटली आहे का, ते जरूर बघा.

मीठ आणि पूर

इथल्या फोर-बाय-फोर शनिवार-रविवारी कुठे जातात हे गुपित नाही: अलिबाग, नागाव, काशीदची वाळू. खारं पाणी आणि ओली वाळू चेसिसच्या पोकळ पट्ट्यांत अडकते आणि आतून खाते. टॉर्च घेऊन चेसिसच्या भोकांत डोकवा, नखाने खरवडा. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, शॉकअबचे खालचे बोल्ट, हँडब्रेकच्या केबलची टोकं आणि मागच्या डिफरेन्शियलवरचं वायरचं सॉकेट ही चार ठिकाणं आधी. सॉकेट सोडून पिना बघा. हिरवट पावडर म्हणजे मिठाचं काम. पोटाला कालच मारलेला काळा अंडरकोटिंगचा थर गंजाची चांगली चादर असते. ताज्या काळ्यावर शंका घ्या, जुन्या धुळीवर नको.

पुराच्या गाड्या अजून बाजारात फिरतात. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीचा पट्टा पाण्याखाली होता, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांचा गंज, कार्पेटखालचा फोम आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली माती बघा. कपलिंगचा कंट्रोल युनिट काही गाड्यांत खालच्याच पातळीवर असतो, म्हणून पूर आलेल्या गाडीत तो पहिला बळी.

एक बाजूची गोष्ट: फोर-बाय-फोर म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून जायचा परवाना नव्हे. इंजिनाचा हवा ओढायचा पाइप दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत असतो त्याच उंचीवर असतो.

चालवून बघणं

गाडी थंड असताना जा. मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. इग्निशन चालू करताच फोर-व्हील किंवा एडब्ल्यूडीचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर त्याचा बल्ब किंवा वायर कोणीतरी मुद्दाम काढली असू शकते. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिन वाचतात. त्या कंपनीचा किंवा सर्व मॉड्यूल वाचणारा स्कॅनर आणायला सांगा आणि फोर-व्हीलचा मॉड्यूल वेगळा तपासा.

ऑन-डिमांड गाडी टॉवरच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर न्या. थंड तेल, पूर्ण वळवलेलं स्टिअरिंग आणि संथ वेग, दोष दाखवायला याहून चांगली जागा नाही. तिथे डस्टर ‘ऑटो’वर ठेवून दोन फेऱ्या मारा. मागून थरथर, गुरगुर किंवा कोणी धक्का देतंय असं वाटलं तर तेल तरी संपलंय नाहीतर प्लेटा.

पार्ट-टाइम गाडीचा नियम उलटा. मातीच्या मैदानात ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा आणि वळवा. थोडी ओढ जाणवणं योग्यच; तीच खूण की पुढची चाकं जोडली गेली. कोरड्या डांबरावर असं मुळीच करू नका. मग थांबून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून ४एल (लो रेंज) लावा, पहिल्या गिअरमध्ये आठ-दहा मीटर पुढे, तितकंच मागे, परत २एच (फक्त मागची चाकं). दिवा लुकलुकत राहिला किंवा नॉब फिरवून काही घडलं नाही, तर बहुधा वापराविना शिफ्ट मोटर गंजून बसलेली असते.

चारही चाकं फिरतात हे खात्रीने बघायचं तर दोन पोस्टच्या लिफ्टवर, चारही चाकं मोकळी ठेवून, अनुभवी मेकॅनिकच्या हातून. एकच टोक जॅकवर उचलून गिअर टाकला तर जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून उडवतात. हे कोणी सुचवलं तर तिथून निघा.

शेवटी रस्त्यावर. बेलापूरच्या पारसिक टेकडीच्या किंवा घोडबंदरच्या गायमुख घाटाच्या चढावर कमी वेगाने जोर द्या आणि सोडा; ‘टक’ असा एक आवाज येत राहिला तर जॉइंट क्रॉस किंवा डिफरेन्शियलचा लॅश (दातांमधली वाढलेली मोकळीक). पाम बीचवर ६० ला स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करा. गुणगुण बाजू बदलली की व्हील बेअरिंग. फक्त वेगाबरोबर वाढली की क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधले मुख्य गिअर), आणि तो खर्च मोठा.

कोणती?

मत विचाराल तर मुरबाड-कर्जतकडच्या प्लॉटची वाट आणि पावसाळी घाट एवढाच उद्देश असेल तर स्वच्छ डस्टर एडब्ल्यूडी पुरते; तिचा टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. खडबडीत वाटेला जिम्नी. फॉर्च्युनर टिकते, पण ताफ्यात पळालेल्या गाड्या टाळा. एंडेव्हर उत्तम, मात्र फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, त्यामुळे फोर-बाय-फोरचा सुटा भाग मिळेल ना, ते आधी फोनवर विचारून घ्या.

कागद

२०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. तेव्हापासून त्या स्वस्तात बाहेर विकल्या जातात आणि आपल्याकडच्या बाजारातही येतात. किंमत भुरळ घालते. हिशेब मात्र असा करा: नमुना २८ ची एनओसी (मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र), नमुना २७ ने महाराष्ट्राचा नवा नंबर, आणि इथल्या दराने रोड टॅक्स. हे एजंटच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. इसार देण्यापूर्वी एनओसी हातात बघा.

एमएच-०४, ४३ किंवा ४६ ची गाडी असेल तर नमुना २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असल्यास नमुना ३५, पीयूसी, विमा तुमच्या नावावर. ई-चलनं ऑनलाइन बघा आणि चेसिस नंबर आरसीवरून नव्हे, थेट चेसिसवरून वाचा.

गाडी आणली की पहिल्याच आठवड्यात ट्रान्सफर केस, कपलिंग आणि दोन्ही डिफरेन्शियलची तेलं बदला, निघालेलं तेल पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. सहा महिन्यांनी पुढचं काढाल तेव्हा शेजारी धरून बघता येईल. पार्ट-टाइम गाडी महिन्यातून एकदा मातीवर ४एचमध्ये चार-पाच किलोमीटर फिरवा.