ऑथेल्लो कुणामुळे बुडाला? वहीत रेघ मारून बघा

सदाशिव पेठेत माझ्या घरी रविवारी नाट्यवाचन असतं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त "दोष कुणाचा?" म्हटलं की मुलं लगेच इयागोचं, ऑथेल्लोचे कान भरणाऱ्या त्या कपटी माणसाचं, नाव घेतात. मी म्हणते, थांबा, आधी वही काढा.

पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे इतरांनी केलेलं. उजवीकडे नायकाने स्वतः केलेलं किंवा करायचं टाळलेलं. प्रत्येक नोंदीपुढे अंक-प्रवेश लिहाच, नाहीतर नुसतं मत उरतं.

रुमालाकडे नीट बघा. ऑथेल्लोने बायकोला, डेस्डेमोनाला, दिलेला हा रुमाल इयागो कॅसिओकडे पोचवतो, आणि त्यावरून ऑथेल्लोला त्या दोघांचं प्रेमप्रकरण आहे असं वाटतं. डेस्डेमोनाची दासी एमिलिया तो उचलून नवऱ्याला, म्हणजे इयागोला, देते. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डेस्डेमोना "कुठे हरवला गं?" विचारते, तेव्हा ही "माहीत नाही" म्हणते. हे डावीकडे. आणि रुमाल तुझ्याकडे आला कसा, हे ऑथेल्लो कॅसिओला विचारतो कधी? पाचव्या अंकात, डेस्डेमोनाचा त्याने जीव घेतल्यावर. एवढा साधा प्रश्न! इथे माझा आवाज अजूनही जड होतो. हे उजवीकडे, ठळक.

मग गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. नायक सुधाकराची वकिलीची सनद तात्पुरती रद्द होते, दारुडा तळीराम दारूचा प्याला पुढे करतो. पहिला प्याला हवं तर डावीकडे लिहा. त्यानंतरचे मी उजवीकडेच लिहिते.