नेतृत्वविकासासाठी एक्झिक्युटिव्ह कोच निवडताना

कोच शोधण्याआधी आपल्याला नेमके काय बदलायचे आहे, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे. उत्पादन विभागातून थेट कारखानाप्रमुख झालेल्या व्यक्तीला कामे सोपवता येत नसतील, तर तिची गरज ‘नेतृत्व सुधारणे’ या मोघम शब्दांत मावत नाही. विषयाचे ज्ञान हवे असेल, तर सल्लागार किंवा अनुभवी मार्गदर्शक बरा. कोच उत्तरे देत नाही, प्रश्न विचारून आपल्याकडूनच ती काढून घेतो.

‘कोच’ म्हणवून घ्यायला आपल्याकडे कोणताही सरकारी परवाना लागत नाही, म्हणून प्रमाणपत्र तपासणे भाग आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या तीन चढत्या पातळ्यांपैकी एसीसीसाठी (असोसिएट) किमान १००, पीसीसीसाठी (प्रोफेशनल) ५०० आणि एमसीसीसाठी (मास्टर) २,५०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. अर्थात, तास म्हणजे जाण नव्हे. त्यामुळे दोघा-तिघांशी प्राथमिक भेट घ्यावी आणि त्या भेटीत कोण जास्त बोलले, हे आठवून पाहावे. स्वतःच्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगण्यात अर्धा तास घालवणारा माणूस मी तरी टाळीन.

शुल्क कंपनी भरणार असेल, तर गोपनीयतेचा प्रश्न सर्वांत नाजूक ठरतो. उद्दिष्टे आणि सत्रांची हजेरी एवढेच वरिष्ठांना किंवा मनुष्यबळ विभागाला कळेल, संभाषण नाही, असे तिन्ही पक्षांच्या लेखी करारात पहिल्या सत्राआधीच नमूद करून घ्यावे आणि करार मध्येच थांबवण्याची मुभाही त्यातच असावी.