फाटकाची कडी आधी पाहा
पिटबुल किंवा रॉटवायलर पाळणाऱ्याने सर्वांत आधी आपले फाटक तपासावे. गोव्यातल्या वाड्यांवर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवरून थेट दारापर्यंत येतो, आणि कडी नुसती टेकवलेली असेल तर असा ताकदवान कुत्रा एका धक्क्यात बाहेर पडतो; म्हणून फाटकाला कुलूप आणि फिरायला नेताना तोंडाला जाळी व आखूड, मजबूत पट्टा हवाच. तो पट्टा लहान मुलाच्या हाती देणे मला अक्षम्य वाटते. निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुत्रा कोणाला चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.