एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह हाती आल्यावर

एखाद्या प्रकारच्या विमानात धोकादायक दोष आढळला आणि त्याच बनावटीच्या इतर विमानांतही तो असण्याची किंवा उद्भवण्याची शक्यता दिसली, की अमेरिकेचे फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएए, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे उड्डाणयोग्यतेविषयीचा आदेश, काढते. देखभालीच्या कामात त्याला नुसते ‘एडी’ म्हणतात. दुरुस्ती वा तपासणीच्या सूचना देणारे उत्पादकाचे सर्व्हिस बुलेटिन ही एरवी शिफारस असते. एडी हा मात्र कायदा आहे, आणि तो डावलून केलेले प्रत्येक उड्डाण हे विमान नियमावलीच्या भाग ३९ नुसार स्वतंत्र उल्लंघन धरले जाते.

प्रथम क्रमांक पाहावा. २०२४-०२-५१ या क्रमांकात आधी वर्ष, मग त्या वर्षातील पंधरवडा आणि शेवटी अनुक्रम येतो. शेवटचा आकडा ५१ किंवा त्यापुढचा असेल, तर तो तातडीचा एडी समजावा. ५ जानेवारी २०२४ रोजी उड्डाणात असलेल्या बोइंग ७३७-९ विमानाचा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारे पॅनेल) निखळला आणि दुसऱ्याच दिवशी हा एडी निघाला. नेहमीच्या एडीचा आधी मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. तातडीच्या एडीत मात्र हाती पडताक्षणी अंमल सुरू होतो.

त्यानंतर ‘अ‍ॅप्लिकेबिलिटी’चा, म्हणजे एडी कशाला लागू आहे हे सांगणारा, परिच्छेद सावकाश वाचावा, कारण माझ्या मते निम्म्या चुका येथेच होतात. एडी विमानाच्या सीरियल नंबरवरून लागू होतो, तसा तो सुट्या भागाच्या पार्ट नंबरवरूनही लागू होऊ शकतो. असा भाग एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवला जात असल्याने केवळ विमानांची यादी ताडून भागत नाही. कोणता भाग सध्या कोठे बसला आहे आणि स्टोअरच्या फळीवर किती पडून आहेत, हेही पाहावे लागते. संबंधित भागात पूर्वी फेरबदल झाला असला, तरी त्या कारणाने विमान एडीतून सुटत नाही.

मुदतीचा हिशेब उड्डाणाचे तास, फ्लाइट सायकल (एक उड्डाण व एक अवतरण मिळून एक सायकल) किंवा महिने यांत दिलेला असतो, आणि ‘जे आधी येईल ते’ व ‘जे नंतर येईल ते’ या दोन शब्दप्रयोगांत पुष्कळदा कित्येक महिन्यांचे अंतर पडते. समजा, तपासणी दर १,२०० सायकलच्या आत पुन्हा करायची आहे आणि मागील तपासणी १८,४५० सायकलवर झाली, तर पुढची १९,६५० पर्यंत व्हायलाच हवी. देखभाल कार्यक्रमात इतर कामांना थोडी मुदतवाढ घेण्याची सोय असली, तरी एडीत तशी परवानगी नसेल तर ती येथे वापरता येत नाही.

प्रत्यक्ष काम बहुधा सर्व्हिस बुलेटिनमधील पायऱ्यांनुसार करायचे असते. बुलेटिन आणि एडी यांत विसंगती आढळल्यास एडीचे म्हणणे ग्राह्य मानावे. ज्या पायऱ्यांपुढे ‘आरसी’ (रिक्वायर्ड फॉर कम्प्लायन्स, म्हणजे पालनासाठी आवश्यक) असे लिहिलेले असते, त्या अक्षरशः पाळाव्या लागतात. या खुणेमागे एप्रिल २००८ मधील प्रकरण आहे. एमडी-८० विमानांच्या चाकांच्या कप्प्यातील वायरिंगबाबतच्या एडीचे पालन बिनचूक झाले नसल्याचे तपासणीत दिसले, त्यातील एक मुद्दा वायरच्या जुडीवरील बांधणीच्या दोऱ्यांमध्ये साधारण एक इंच अंतर राखण्याचा होता, आणि अमेरिकन एअरलाइन्सला तीन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द करावी लागली. ‘साधारण बरोबर बांधले आहे’ असे म्हणून सही करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सांगितलेली पद्धत आपल्या विमानावर शक्य नसेल, तर तितकीच सुरक्षितता देणाऱ्या पर्यायी पद्धतीसाठी आपल्या प्रिन्सिपल इन्स्पेक्टरमार्फत, म्हणजे आपल्यावर देखरेख ठेवणाऱ्या एफएएच्या निरीक्षकामार्फत, अर्ज करता येतो. लेखी मंजुरी येईपर्यंत मूळ एडी आणि त्याची मुदत दोन्ही कायम असतात. दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत विमान नेण्यासाठी विशेष उड्डाण परवाना मिळू शकतो, मात्र एडीनेच तो नाकारलेला किंवा मर्यादित केलेला नाही ना, हे आधी पाहावे.

शेवटी नोंद. ‘एडी पूर्ण’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. एडीचा क्रमांक व सुधारणेची तारीख, अवलंबलेली पद्धत, काम झाले तेव्हाचे तास किंवा सायकल आणि काम पुन्हा करायचे असल्यास पुढची मुदत, हे सारे लिहावे. भाग विमानातून निघाला, तर या नोंदीची प्रत त्याच्याबरोबर पाठवावी, म्हणजे पुढे तो बसवणाऱ्याला केवळ अंदाजावर विसंबून राहावे लागत नाही.