पुराआधी विहीर, बोअर आणि संडासाची टाकी सांभाळा

विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. आजवा जलाशय भरून वाहू लागला की शहराचं सांडपाणी पुरात मिसळून खालच्या शेतांत पसरतं. तुमची जमीन त्या पट्ट्यात असेल तर पिकाइतकीच काळजी पिण्याच्या पाण्याची घ्या. हे पाणी विहिरीत उतरलं की घरात जुलाब आणि कावीळ आलीच.

सगळ्यात कच्ची जागा बोअरच्या तोंडाशी असते. कित्येक शेतांत केसिंग पाइप जमिनीलगत कापलेला आणि वर नुसतं गोणपाट! पाइप गेल्या पुराच्या खुणेच्या वर न्या. तेवढी उंची जमत नसेल तर रबरी वॉशरचं घट्ट झाकण बसवा, केबलचं भोकही बुजवा. भोवती बाहेर उताराचा सिमेंटचा ओटा हवाच. स्टार्टरची पेटी खुणेच्या वर घ्या. मेन स्विच पाणी येण्याआधी बंद करा. पेटीपाशी पाणी पोचल्यावर तिकडे फिरकू नका.

सेप्टिक टँक पुराच्या तोंडावर उपसू नका. भिजल्या जमिनीत रिकामी टाकी वर उचलली जाते, पाइप तुटतात. उपसायची तर उन्हाळ्यातच.

पाणी ओसरलं की मोटर लगेच सुरू करावीशी वाटते. कृपा करून थांबा. विहिरीवरची मोटर बुडाली असेल तर आधी ती उघडून वाळवा आणि वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. विहिरीत कुणी उतरू नये. आत वायू साठलेला असतो, आणि आपल्याकडे मगरही निघू शकते. दिसली तर वन विभागाला कळवा.

गढूळ पाणी वरूनच, हळूहळू उपसा. एकदम उपसलं तर जुनं बांधकाम ढासळतं. मग ताजी ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनची, हजार लिटरला १५० ग्रॅम. १० फूट व्यासाच्या विहिरीत १२ फूट पाणी असेल तर सुमारे ४ किलो लागेल. बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरची निवळीच ओता. २४ तास ठेवून वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी तळ्यात सोडू नका.

प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत पाणी उकळूनच प्या. तुरटीने ते निवळतं, जंतू मात्र जिवंत राहतात.