गाडीच्या घोड्याला साज चढवताना

साज निवडताना पितळी बकलांची चकाकी मागाहून पाहावी आणि आधी कॉलर, म्हणजे घोड्याच्या गळ्यात घालायचे गादीदार कडे, पाहावी, कारण गाडीची सगळी ओढ घोड्याच्या खांद्यांवर तिच्यातूनच येते. कॉलर बसवल्यावर तिचा खालचा भाग आणि श्वासनलिका यांच्यामध्ये सपाट तळहात सहज गेला पाहिजे, तर मानेच्या दोन्ही बाजूंना फक्त बोटे सरकावीत. याहून ढिली कॉलर पावलागणिक हलते आणि कातडी सोलते. घोड्याचे डोके डोळ्यांपाशी सर्वांत रुंद असते, म्हणून कॉलर उलटी धरून, म्हणजे रुंद बाजू वर ठेवून, डोक्यावरून घालावी आणि मान जिथे निमुळती असते तिथे, आयाळ ज्या बाजूला पडते त्या दिशेने फिरवून सुलटी करावी. हलक्या गाडीला छातीपट्टाही चालतो, मात्र तो श्वासनलिकेच्या खाली आणि खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर राहिला पाहिजे. जड ओझ्यासाठी मी तो कधीही सुचवणार नाही.

त्यानंतर पाठीवरची गादी आयाळ संपते त्या उंचवट्याच्या जराशी मागे ठेवून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळावा. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, घालताना शेपटीचा एकही केस तिच्याखाली अडकू देऊ नये. अडकलेला केस टोचत राहतो आणि शांत घोडाही त्यामुळे लाथा झाडू लागतो. लगाम चढवल्यावर ओठांच्या कोपऱ्यात एखाददुसरी सुरकुती दिसावी. ढापणे असतील तर डोळा त्यांच्या मध्यावर यावा आणि पापण्यांना चामडे लागू नये.

जुंपताना गाडीच्या दांड्या गादीच्या बाजूंच्या कड्यांत घालून आधी ओढीचे पट्टे आणि मग पुठ्ठ्यामागचा पट्टा अडकवावा. हा मागचा पट्टा उतारावर गाडी अंगावर येण्यापासून रोखतो. ओढीचे पट्टे ताणलेले असताना त्याच्या आणि मांड्यांच्या मध्ये हाताच्या रुंदीइतकी जागा असावी. सोडताना हाच क्रम उलटा करावा, आणि घोडा गाडीतून पूर्ण बाहेर आल्याशिवाय लगाम काढू नये. या एका चुकीने घोडा गाडीसकट उधळतो.

काम संपल्यावर कॉलरखालचा घाम न्याहाळावा. सगळीकडे सारखी ओल असेल तर कॉलर नीट बसली आहे, पण मध्येच रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडतो आहे, आणि दुर्लक्ष केल्यास पुढे त्याच जागी पांढरे केस उगवतात.

घामातले मीठ चामडे कडक करते, म्हणून पट्टे रोज ओलसर फडक्याने पुसावेत, सावलीत वाळवावेत आणि अधूनमधून तेल लावावे. बकलाशी पट्टा जिथे दुमडतो तिथे तो वाकवून पाहावा. पृष्ठभागावर भेगा उमटल्या किंवा टाका सुटलेला दिसला, तर तो पट्टा दुरुस्त होईपर्यंत गाडी जुंपू नये.