एअर रायफलचा दस्ता घरी बदलताय? या चुका टाळा

एअर रायफलचा दस्ता, म्हणजे तिचा लाकडी भाग, बहुतेक वेळा मानेतच मोडतो. चापाच्या मागे मुठीत धरायची जी बारीक जागा असते, तिला मान म्हणतात. रायफल भिंतीला टेकवून ठेवली, घसरून फरशीवर आपटली, की मान तडकते. मग जुना दस्ता वाढईकडे जातो, "असाच दुसरा करून द्या" असं सांगितलं जातं, आणि काही महिन्यांत नवा दस्ताही त्याच जागी मोडतो. वाढईचा हात वाईट नसतो. लाकूड निवडण्यात आणि आखण्यात चूक झालेली असते.

हे सगळं ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी नळीच्या, छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या, नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायच्या स्प्रिंगच्या रायफलबद्दल आहे. तिला परवाना लागत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला परवाना काढून घेतलेली बारा बोअर बंदूक घरात असेल, तर तिच्या दस्त्याला घरी हात लावू नका. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. ती वाढईकडे ठेवून आलात तर तुमच्यासोबत तोही अडकेल.

काम सुरू करताना

नळी मोडून आत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहा, आणि स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करा. ताणलेल्या रायफलचा दस्ता कधीही काढायचा नाही. दस्ता उतरवल्यावर "जरा ओढून बघू" म्हणून नळी मोडायचीही नाही. बऱ्याच रायफलींत स्प्रिंग ताणणारा दांडा दस्त्यामुळेच जागेवर राहतो. तो निसटला तर नळी झटक्याने वर येते आणि बोटं सापडतात. स्प्रिंगची नळकांडी उघडण्याचं तर कारणच नाही, दस्त्यासाठी फक्त बाहेरचे स्क्रू काढायचे असतात.

सागवानाचा मोह

आपल्याकडे आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही. पण साग धक्क्याला चिवट नसतो, रेषेवर चटकन उकलतो. कुऱ्हाडीला दांडा घालताना आपले लोक साग घेत नाहीत, धामण शोधतात, ते उगाच नाही. दस्त्याला शिसव घ्या. तो जड पडतो, पण स्प्रिंगच्या रायफलचा हिसका वजनामुळे कमीच जाणवतो. लाकूड आरा मशीनवरून किंवा डेपोतून, पावती घेऊनच आणा.

खरी चूक आखताना होते. फळीवर जुना दस्ता ठेवून फळीच्या कडेला समांतर पेन्सिल फिरवली जाते. दस्ता सरळ नसतो, मानेपाशी तो खाली वळतो. त्यामुळे नेमक्या सर्वांत बारीक जागी लाकडाच्या रेषा तिरप्या कापल्या जातात. मोडलेला तुकडा हातात घेऊन बघा: तडा आडवा नसतो, रेषेच्या बाजूने तिरका, पट्टीने आखल्यासारखा गेलेला असतो. म्हणून आखणी मानेपासून सुरू करा. रेषा मानेतून लांबीने आरपार जायला हव्यात. पुढचा आणि खांद्याकडचा भाग मग फळीत जसा बसेल तसा बसू द्या. फळी थोडी वाया जाईल, जाऊ द्या. आणि रेषा फक्त वरून पाहू नका, फळीच्या बाजूच्या कडेवरही पाहा.

ओलं लाकूड

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत भिंतींनाही ओल येते. पावसाळ्यात कोरलेला दस्ता उन्हाळ्यात आकसतो, स्क्रू सैल होतात, कधी पुढच्या भोकापाशी चीर पडते. लाकूड सुकलं का, हे वाजवून किंवा हात लावून कळत नाही. दर आठवड्याला दुकानातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की ते कोरायला घ्या. जुन्या घराची शिसवाची चौकट मिळाली तर उत्तमच, फक्त आत मोडलेले खिळे आहेत का ते आधी तपासा. सुकवायची घाई म्हणून टिनाच्या छपरावर उन्हात टाकू नका, टोकं फाटतात.

बैठक

धातूचा भाग खाचेत बसत नाही म्हणून स्क्रू पिळून दाबून बसवणं, किंवा हलतो म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालणं, दोन्ही चुकीचं. स्प्रिंगची रायफल मागे ढकलते आणि लगेच पुढेही हिसकते. रबरावर ती दरवेळी वेगळ्या जागी येऊन थांबते आणि छर्रे पसरतात. दिव्यावर धरलेलं काजळ थोड्या तेलात कालवून धातूवर पातळ लावा, खाचेत दाबा, उचला. जिथे काळं लागलं तिथेच पटाशीने खरवडा. पुन्हा बसवा, पुन्हा पाहा. काम कंटाळवाणं आहे, पण रायफलचा नेम इथेच ठरतो. स्क्रूच्या जागी सगळीकडे सारखं काळं उमटलं की थांबा. दांड्याच्या खाचेत मात्र दोन्ही बाजूंना मोकळीक हवी. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो घासतो.

स्क्रू जुनेच वापरा. हार्डवेअरमधून आणलेला स्क्रू जरा लांब निघाला, तर आत दांड्याला किंवा पिस्टनला अडतो.

जवसाचं तेल

घाण्यावरचं जवसाचं तेल घरात असतंच, तेच दस्त्याला चोपडलं जातं. ते फार हळू वाळतं, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' जवस तेल मिळतं, ते घ्या. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं तेल कोरड्या फडक्याने पुसा, आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी. एकदम जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत ओलंच राहतं.

आणि ते फडकं! चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, गोळा झालेल्या फडक्यात ती उष्णता साचते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. गोठ्यात कडब्याजवळ असं फडकं पडलं तर काय होईल ते सांगायला नको. बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

दस्ता बसवल्यावर स्क्रूच्या आट्यांवरचं तेल पुसून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावा. लाल लावू नका, पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही. लाकूड दबेल इतकं पिळू नका. पहिले पंधरा-वीस छर्रे झाडल्यावर पेचकस लावून पाहा, स्क्रू थोडे सैल झालेले असतील. मृग लागला की आणि एप्रिलमध्ये, असे वर्षातून दोनदा ते तपासा. दस्ता नवा म्हणजे नेमही नव्याने लावावा लागतो. तो मातीच्या बांधासमोर, मागे कोणी नाही हे पाहून, कागदी निशाण्यावर लावा.